पहिल्या मॅरॅथॉनपूर्वींचे सात दिवस

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ येऊं लागला म्हणजे वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेनें गेलेल्या पाम बीच मार्गावर पहाटेच्या अंधारांत एक निराळेंच दृश्य दिसूं लागतें. एरवीं जी वेळ दूधवाल्यांची व वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलांची, त्या वेळीं बँकेंतले अधिकारी, शाळेंतल्या शिक्षिका, डॉक्टर, वकील, निवृत्त इंजिनिअर आणि दोन-दोन मुलांच्या आया अशीं सर्व प्रकारचीं माणसें एका लयींत धांवत असतात. परंतु मुंबईच्या मॅरॅथॉनला आठ दिवस उरले कीं हींच माणसें एकाएकीं दिसेनाशीं होतात. दिसलींच तर अर्ध्या तासांत घराकडे वळतांना दिसतात. ज्या सुमारास कसून मेहनत करावयाची त्याच सुमारास हे लोक आळशी कां बनतात, असा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस पडतो. आणि ज्या घरांतून कोणी प्रथमच या शर्यतींत उतरणार असेल, त्या घरांत हा प्रश्न कुतूहलाचा न राहतां रोजच्या वादाचा होऊन बसतो. या आठवड्याविषयीं चार गोष्टी घरांतील सर्वांनाच ठाऊक असाव्या, म्हणून हा लेख. धांवणारा एक असला तरी त्याचें जेवण, त्याची झोंप आणि त्याचें मनःस्वास्थ्य या तिन्ही गोष्टी एकत्र कुटुंबांत दहा जणांच्या हातीं असतात.

मुंबईची ही शर्यत २००४ सालीं सुरू झाली. पुरें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. नवी मुंबईकरांच्या मापानें सांगावयाचें तर वाशीहून बेलापूरला पाम बीच मार्गानें दोन वेळां जाऊन यावें, तरी तें पुरें होत नाहीं. १८९६ सालीं अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरॅथॉन झाली तेव्हां अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास होतें. १९०८ सालीं लंडनला तें आजच्याइतकें झालें व १९२१ सालीं तेंच कायम ठरविण्यांत आलें. मधल्या १९२० सालच्या अँटवर्प येथील ऑलिंपिकांत मात्र तें ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे आणखी लांब होतें. आणि आपल्याकडील दोन धांवपटूंचीं नांवें या शर्यतीशीं जोडलीं गेलीं तीं तेथेंच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले होते. त्यांच्या पुढाकारानें जो लहानसा संघ अँटवर्पला गेला, त्यांतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे मॅरॅथॉन धांवले. चौगुले यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत अंतर तोडून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. एकाच संघांतले, एकाच रस्त्यावर धांवणारे दोघे, त्यांतला एक पोंचतो व एक पोंचत नाहीं, हें या शर्यतीचें लक्षण शंभर वर्षांनंतरहि बदललेलें नाहीं.

आतां त्या आळसाविषयीं. व्यायामानें शरीरांत जो पालट होतो तो व्यायामाच्या दिवशीं होत नसून पुढील विश्रांतींत, आणि तोहि आठवड्यांच्या हिशेबानें होतो. शर्यतीपूर्वीं पांच दिवस घेतलेल्या श्रमाचें फळ शर्यतीनंतर पदरांत पडावयाचें. शर्यतीच्या दिवशीं त्याचा थकवा मात्र हजर असावयाचा. यासाठीं अखेरच्या दोन आठवड्यांत धांवण्याचें एकंदर अंतर निम्म्याच्या आसपास आणावें, वेग मात्र फारसा मोडूं नये, असा नियम आहे. यावरच्या अनेक प्रयोगांचें एकत्र परीक्षण २००७ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांतहि दोन आठवडे व शेंकडा ४१ ते ६० इतकी घट हेंच प्रमाण सर्वांत हितकर ठरलें.

नियम सोपा आहे, पाळणें कठीण. चार महिने पहाटे चार वाजतां उठण्याची संवय झालेल्या माणसाला रिकामी पहाट खावयास उठते. कधीं न दुखलेला घोटा दुखूं लागतो, गुडघ्यांत कांहींतरी कटकट वाजल्याचा भास होतो, घशांत खवखवल्यासारखें वाटतें. हीं बहुतेक दुखणीं लक्ष देण्यास दुसरें कांहीं उरलें नाहीं म्हणून जाणवतात. अशा वेळीं कोणी शेवटची खात्री करून घ्यावी म्हणून बुधवारीं पंचवीस किलोमीटर धांवून येतो, तर कोणी पारसिकच्या टेकडीवर चढउतार करून पाहतो. चढाची भीति अगदींच निराधार नाहीं. पाम बीच मार्ग ताटासारखा सपाट, आणि मुंबईंत परतीच्या वाटेवर पाय थकल्यानंतर पेडर रोडचा चढ लागतो. परंतु टेकडीवर जावयाचें तें डिसेंबरांत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत टेकडी कांहीं शिकवीत नाहीं, फक्त पाय खाते.

आहाराचा भाग गृहिणींच्या अधिकारांतला, म्हणून त्यावर थोडें अधिक लिहितों. भात, पोळी, गूळ, केळें यांतील पिष्ट व साखर शरीरांत ग्लायकोजन या रूपानें सांठविली जाते. हा सांठा स्नायूंत चारशें ते पांचशें ग्रॅम व यकृतांत शंभरएक ग्रॅम इतकाच असतो, आणि तो साधारणतः तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत पुरतो. पुढें पाय शिशाचे होतात, डोकें चालेनासें होतें, आणि भला धडधाकट गृहस्थ रस्त्याच्या कडेला बसून रडूं लागतो. १९२४ सालीं बॉस्टनच्या मॅरॅथॉननंतर तेथील डॉक्टरांनीं धांवपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां जे अगदीं गळून गेले होते त्यांच्या रक्तांतली साखर उतरलेली आढळली. पुढल्या वर्षीं आधीं पिष्टमय आहार व वाटेंत गोळ्या आणि साखरेचा चहा दिल्यावर तेच लोक पुष्कळ बऱ्या स्थितींत पोंचले. शास्त्राचा आरंभ साखरेच्या गोळ्यांपासून झाला, हें आमच्या बालवाचकांस विशेष आवडेल!

तात्पर्य, अखेरच्या दीड-दोन दिवसांत ताटांतला भात वाढवावा, आणि त्यासाठीं जागा व्हावी म्हणून तेल-तूप, उसळी, कोशिंबिरी व तळण कमी करावें. शास्त्रज्ञ दर किलो वजनामागें दिवसाला दहा ग्रॅम पिष्ट सांगतात. साठ किलोच्या माणसाला तें सहाशें ग्रॅम होतें, आणि तितकें पंगतींत आग्रहाशिवाय कोणाच्या पोटांत जाणें कठीण. प्रथमच धांवणाऱ्यानें आंकड्याच्या मागें लागून अजीर्ण करून घेऊं नये. मऊ भात व मेतकूट, कमी तेलाचे पोहे, साधी पोळी व गूळ, केळें हें सर्व आपल्या घरांतलेंच आहे. या दोन दिवसांत वजन एखाद किलोनें वाढलें तरी घाबरूं नये, कारण एक ग्रॅम ग्लायकोजन आपल्याबरोबर तीनएक ग्रॅम पाणी सांठवितें.

येथें पंचांग आडवें येतें. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीची, आणि महिन्याचा तिसरा रविवार १५ ते २१ च्या दरम्यान कोठें तरी पडणारच. म्हणजे धांवणाऱ्याचा अखेरचा आठवडा हा तिळगुळाचा आठवडा असतो. २०२३ सालीं तर संक्रांत व शर्यत एकाच दिवशीं आलीं. गुळाच्या पोळीस शास्त्राची हरकत असण्याचें कारण नाहीं. पण तिळाचें कूट आणि वरचें तूप पचावयास जड, तेव्हां ती शनिवारीं रात्रीं न होतां बुध-गुरुवारीं व्हावी हें बरें.

याहून बिकट प्रश्न हळदीकुंकवाचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर बोलावणीं असतात, आणि पहिल्यानें धांवणारी घरची सून असली तर तिची फारच ओढाताण होते. नवरा किंवा दीर शर्यतींत असला म्हणजे, "भाऊंना उठवूं नका, त्यांना रविवारीं धांवायचें आहे" असें सर्व घर कुजबुजत चालतें. सून धांवणार असली म्हणजे मात्र शनिवारीं सायंकाळीं चाळीस बायकांना अत्तर-गुलाब लावीत ती तीन तास उभी, आणि वर सासूबाई प्रेमानेंच म्हणतात, "अगं, दमलीस ना? मग उद्यां कशाला जातेस?" यांत दुष्टपणा कोणाचाच नाहीं. परंतु त्या तीन तासांचें उभें राहणें पायांना दहा किलोमीटरच्या चालीसारखें बाधतें, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमची सूचना अशी कीं, ज्या घरची सून पाम बीचवर चार महिने पहाटेचा अंधार तुडवून आली आहे, त्या घरानें आपलें हळदीकुंकू पुढल्या शुक्रवारीं ठेवावें. रथसप्तमीपर्यंतचा अवकाश एरवीं सोयीसाठीं वापरतोंच. तो एकदां सुनेच्या सोयीसाठीं वापरला तर काय बिघडलें? आणि बाहेरच्या बोलावण्यांना त्या आठवड्यापुरतें सासूबाईंनीं किंवा जाऊबाईंनीं जावें.

पाण्याविषयीं गैरसमज फार आहे. "भरपूर पाणी पी" हा सल्ला घरांतील प्रत्येक माणूस देतो, आणि घाबरलेला नवशिका तो अक्षरशः पाळतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरॅथॉनमध्यें ४८८ धांवपटूंचें रक्त तपासण्यांत आलें. त्यांपैकीं शेंकडा १३ जणांच्या रक्तांतलें क्षाराचें प्रमाण अति पाण्यानें घटलेलें आढळलें, आणि त्याच शर्यतींत एका तरुणीला या कारणानें प्राणास मुकावें लागलें. हळू धांवणारे, म्हणजे वाटेंतल्या प्रत्येक टेबलापाशीं थांबून पेला रिकामा करण्यास ज्यांना सवड असते असे लोक, यांत अधिक सांपडतात. तहान लागेल तसें प्यावें, आणि मीठ-साखर घातलेलें पाणीहि मधून घ्यावें. मात्र तहानेकडे दुर्लक्षहि करूं नये: पाम बीचवरचा सराव सूर्योदयाबरोबर संपतो, उलट ज्याला पांच-सहा तास लागणार तो शर्यतीचा उत्तरार्ध दहा-अकराच्या उन्हांत धांवतो.

आतां जें लिहावयाचें तें कोणास अशुभ वाटेल, पण लिहिलेंच पाहिजे. अमेरिकेंत २००० ते २०१० या काळांत लांब पल्ल्याच्या शर्यतींत धांवलेल्या एक कोटी नऊ लक्ष लोकांपैकीं ५९ जणांचें हृदय शर्यतींत अथवा ती संपतांच बंद पडलें. प्रमाण अत्यल्प, हें खरें. परंतु अर्ध्या शर्यतीपेक्षां पुऱ्या मॅरॅथॉनमध्यें तें सुमारें चौपट होतें. आपल्याकडे २०२४ च्या जानेवारींत मुंबईच्या शर्यतींत दोघे दगावले. म्हणून या आठवड्यांतला खरा कठीण निर्णय भात किती खावा हा नव्हे. गुरुवारीं ताप आला, छातींत दडपण वाटलें, जिना चढतांना पूर्वीं न लागणारा दम लागला, तर चार महिन्यांची मेहनत, भरलेलें शुल्क, कचेरींतल्या मित्रांना सांगून झालेली गोष्ट, हें सर्व बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावें आणि ते नाहीं म्हणाले तर घरीं राहावें. नाकांतून पाणी गळणें वेगळें. ताप, अंगदुखी आणि छातींत उतरलेला खोकला वेगळा. तापांत धांवल्यानें हृदयाच्या स्नायूस इजा पोंचूं शकते. वेदनाशामक गोळ्या घेऊन दुखणें दाबणें हें तर सर्वांत वाईट, कारण घाम गळून शरीर कोरडें पडलेलें असतां त्या गोळ्या मूत्रपिंडास बाधतात.

धांवणारा हें घरीं सांगत नाहीं. सांगितलें तर जाऊं देणार नाहींत अशी त्याला धास्ती असते, आणि ज्या घरांत महिनाभर "या वयांत हें कसलें खूळ" असें ऐकावें लागलें, तेथें ती धास्ती वाजवीच म्हटली पाहिजे. ज्या घरांत थट्टा कमी झाली असेल, तेथें ताप लपविला जाण्याचा संभवहि कमी. मामंजींना हें पटेल कीं नाहीं न कळे, पण थट्टेची ही किंमत हिशेबांत धरावयास हवी.

छातीवर लावावयाचा क्रमांक अलीकडे वांद्रें-कुर्ला संकुलांत गुरुवार ते शनिवार या दिवसांत स्वतः जाऊन आणावा लागतो. नवी मुंबईकरानें त्यासाठीं शनिवार राखूं नये. त्या दिवशींची गर्दी आणि रांग हीच एक शर्यत असते. तेथें प्रदर्शनांत नवे बूट, नवे मोजे, नाना तऱ्हेचीं शक्तिवर्धकें मांडलेलीं असतात. पाहावीं आणि परत यावें. ज्या बुटांत तीस किलोमीटर झाले नाहींत त्यांत बेचाळीस होत नाहींत. शनिवारीं रात्रीं झोंप लागली नाहीं तरी चिंता नको. एका रात्रीच्या जागरणानें पाय दुबळे होत नाहींत. शुक्रवारची रात्र तेवढी पुरी झोंपेची असूं द्यावी, आणि घरांतल्या मंडळींनीं त्या रात्रीं दूरचित्रवाणी लौकर बंद करावी.

पुऱ्या मॅरॅथॉनचा आरंभ छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपाशीं पहाटे पांचच्या सुमारास होतो. गेल्या कांहीं वर्षांत रेल्वेनें त्या पहाटे तीनच्या सुमारास पनवेलहून खास गाडी सोडलेली आहे. नक्की वेळ आदल्या दिवशीं वर्तमानपत्रांत पाहावी. म्हणजे दोन वाजतां उठणें, अडीचला थोडे पोहे किंवा केळें व चहा. पोहे कोणी करावयाचे हें रात्रींच ठरलेलें असावें. स्टेशनावर पोंचवावयास एकानें जावें, सर्व घरानें नव्हे. शर्यत संपल्यावर धांवणाऱ्यास लगेच बसूं देऊं नये. दहा-पंधरा मिनिटें हळू चालवावें, अंगावर कोरडें वस्त्र द्यावें, आणि घरीं आल्यावर मीठ घातलेली तांदळाची पेज द्यावी, भूक लागेल तेव्हां जेवण. सोमवारीं जिना चढतांना फारसें दुखत नाहीं, उतरतांना दुखतें. ज्यांच्या इमारतींत लिफ्ट नाहीं त्यांनीं कठडा धरून, एक एक पायरी, आडवें उतरावें.