पहिला नंबर विकत मिळतो का?

मळवलीला लोकलमधून उतरून भाज्यावरून चढ चढू लागले की लोहगड आणि विसापूर यांच्यामधली खिंड लागते. तिथून जवळच लोहगडवाडी. पावसाळ्यात भाताची लावणी उरकता उरकता इथल्या बायाबापड्या किल्ल्यावर येणाऱ्यांसाठी पिठले-भाकरीही करतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत लोहगडही आहे. साहजिकच मी वाडीत गेलो की हल्ली करप्याच्या आधी गुगलचा प्रश्न पुढे येतो.

परवा एका घरी वहिनींनी वही पुढे केली. त्यांच्याकडे मुक्कामाच्या दोन खोल्या आहेत आणि भाच्याने वेबसाइट करून दिली आहे. फोनवरून कोणी सांगितले होते, ‘पंधरा हजार भरा, गुगलवर पहिला नंबर नक्की.’ भात विकून आलेले पैसे डब्यात होते. “साहेब, देऊन टाकू का?” मी म्हटले, “वहिनी, जरा थांबा.” मी शेतीचा माणूस, पण गुगलने स्वतःच दिलेल्या सूचना वाचून जे समजले, ते त्यांना सांगितले. तेच इथे देतो.

पैसे भरून पहिला नंबर मिळतो का?

नाही. गुगलवर काही शोधले की दोन तऱ्हेची उत्तरे येतात. ज्यांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, त्या जाहिराती. बाकीच्यांचा क्रम लावण्याचे गुगल पैसे घेत नाही आणि जाहिरात दिली म्हणून तो क्रम वर सरकतही नाही. जत्रेत भाडे भरून मोक्याची जागा मिळते. पण चांगल्या जेवणाचे नाव लोक आपणहून सांगतात, तसेच हे. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगलच सांगते.

मग नंबर कशावर ठरतो?

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल कंपनी काढली. ज्या पानाचा हवाला इतर चांगली पाने देतात ते वजनदार, ही त्यांची मूळ कल्पना. आज त्यात अनेक गोष्टी मिळवल्या आहेत. पण सार एकच, शोधणाऱ्याला हवे ते पानावर आहे का? म्हणून मळवलीहून कसे यायचे, गाडी कुठवर येते, जेवणात काय, दर किती, हे साध्या शब्दांत लिहा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आपल्या ताटात असेल, तर तेही लिहा. फोटो आपल्याच घरचे टाका. पान मोबाइलवर लवकर उघडले पाहिजे.

‘लोहगड स्वस्त मुक्काम’ हेच शब्द पन्नास वेळा कोंबू नका. युरिया जादा झाला की भात माजते आणि लोळते. इथेही तसेच होते.

फुकट काही करता येते का?

येते. गुगलच्या नकाशावर आपल्या घरगुती व्यवसायाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. शोधणाऱ्याच्या मागणीशी मेळ, त्याच्यापासूनचे अंतर आणि आपली प्रसिद्धी, या तिन्हींवर तिथला क्रम ठरतो. जेवून गेलेल्या पाहुण्यांना अभिप्राय लिहायची विनंती करा. विकतचे अभिप्राय मात्र घेऊ नका. तक्रार आली तर शांतपणे उत्तर द्या.

जाहिरात द्यावी का?

आधी हिशेब मांडा. गुगलने जाहिराती २००० साली सुरू केल्या. त्यांत साधारणपणे प्रत्येक टिचकीला पैसे पडतात, मग पाहुणा येवो न येवो. समजा, एका टिचकीला दहा रुपये पडले आणि वीसजणांत एक मुक्कामाला आला, तर त्या पाहुण्यामागे दोनशे रुपये गेले. खर्च वजा जाता त्याच्याकडून दीडशेच सुटत असतील, तर धंदा आतबट्ट्याचा. द्यायचीच तर सुट्टीच्या हंगामात, थोडे दिवस आणि रोजची मर्यादा घालून द्या. जाहिरात थांबली की ती जागा गेली.

किती दिवसांत फरक दिसेल?

कधी थोड्या दिवसांत, कधी काही महिने लागतात. आज लावणी केली म्हणून उद्या लोंबी येत नाही.

शेवटी एक सावधगिरी. वेबसाइटचे नाव, तिचा पासवर्ड आणि नकाशावरची नोंद आपल्याच नावावर असू द्या. जमीन दुसऱ्याच्या नावावर आणि नांगरट आपली, असे व्हायला नको. नावाचे नूतनीकरण वेळेवर करा. फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

वहिनींनी पैसे पुन्हा डब्यात ठेवले. संध्याकाळी लेकीने मोबाइलवर नकाशाची नोंद भरली आणि चुलीवरच्या भाकरीचा फोटो जोडला. त्यांचा नंबर कितवा लागेल, हे मला सांगता येणार नाही. पण बियाण्याचे पैसे घरात राहिले, आणि आलेला पाहुणा परत येईल असे जेवण त्यांच्या हातात आहेच.