तीन शब्दांची एकच शेपटी

हर्सूलच्या एका काकांची ही गोष्ट आहे. संध्याकाळची वेळ होती. काका तळ्याकडून घरी आले, तोच फोन वाजला. बँकेचा संदेश होता, पण इंग्रजीत. काका प्रौढपणी वाचायला शिकले. मराठी चांगले वाचतात. इंग्रजीची अक्षरे तेवढी ओळखतात.

संदेशात ५,००० हा आकडा होता. आकड्याजवळ एक शब्द होता. त्याच्या सुरुवातीला डी आणि ई, शेवटी आय आणि टी. काका म्हणाले, "हे तर डिपॉझिट! विम्याचे पैसे आले जणू." त्यांनी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी दुकानातून खत आणले. "पैसे बँकेत आलेत, चार दिवसांत देतो," असे दुकानदाराला सांगितले.

चार दिवसांनी काका बँकेत गेले. तेव्हा खरे कळले. पैसे आले नव्हते, गेले होते! तो शब्द डिपॉझिट नव्हता. तो डेबिट होता.

आता हे शब्द नीट पाहू. डेबिट असे लिहितात: डी, ई, बी, आय, टी. ही झाली पाच अक्षरे. डिपॉझिट असे लिहितात: डी, ई, पी, ओ, एस, आय, टी. ही सात अक्षरे. दोघांचे तोंड सारखे आणि शेपटीही सारखी. फरक सारा पोटात आहे! डेबिटच्या पोटात एकटा बी. डिपॉझिटच्या पोटात पी, ओ, एस. डिपॉझिट म्हणजे ठेव, किंवा खात्यात भरलेले पैसे. डेबिट म्हणजे खात्यातून गेलेले पैसे. आपल्या वहीतले 'जमा' आणि 'नावे' तुम्हाला ठाऊक आहेत. डेबिट म्हणजे नावे.

तिसरा एक भाऊ आहे, क्रेडिट. सी, आर, ई, डी, आय, टी. शेपटी तीच, आय आणि टी. क्रेडिट म्हणजे जमा. म्हणून सांगतो, शेपटी पाहून शब्द ओळखू नका. कित्येक संदेशांत तर शेपटीला आणखी ई आणि डी जोडतात. डेबिटेड, क्रेडिटेड. म्हणजे काम होऊन गेले. पैसे गेले किंवा आले.

कधी कधी सबंध शब्द नसतोच. डी-आर किंवा सी-आर एवढेच लिहितात. डी-आर म्हणजे नावे, सी-आर म्हणजे जमा. इथेही शेवटचे अक्षर सारखेच. तेव्हा पहिले अक्षर पाहा. डी हे दोरी चढवलेल्या धनुष्यासारखे असते, चहूकडून बंद. सी हे विळ्यासारखे, एका बाजूने उघडे. उघड्या तोंडातून पैसे आत आले, असे ध्यानात ठेवा. ही आपली ओळखायची खूण, बरे का. अक्षराचा तसा अर्थ नाही.

आता कुणी विचारील, "क्रेडिट म्हणजे जमा, तर मग क्रेडिट कार्डावर कर्ज कामून होते?" प्रश्न बरोबर आहे. क्रेडिट हा शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ विश्वास टाकणे असा होता. विश्वासावर दुकानदार उधार देतो. तशीच बँक क्रेडिट कार्डावर उधार देते. ते पैसे बँकेचे असतात, ते फेडावे लागतात. डेबिट कार्डाने मात्र आपल्याच खात्यातले पैसे जातात. कार्ड घेताना हा फरक विचारूनच घ्या. नाव जवळजवळ सारखे, पण एकात आपले पैसे, दुसऱ्यात कर्ज.

आपल्या मराठवाड्याला परक्या अक्षरांचे कागद नवे नाहीत. १९४८ सालापर्यंत इथे निजामाचे राज्य होते. सरकारी कामकाज उर्दूत चाले. ज्याला ती लिपी येत नसे, त्याला दुसऱ्याकडून कागद वाचून घ्यावा लागे. वाचणारा सांगेल ते खरे! आज कागदाच्या जागी फोन आला आहे. नातू घरी नसला, की आपण अडतो. पण बँकेच्या कागदांचे तसे नाही. पैसे भरायची चिठ्ठी आणि पासबुक इंग्रजी, हिंदी आणि आपल्या भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. मराठी चिठ्ठी मागायला लाजू नका.

काकांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. ते ५,००० रुपये त्यांच्याच कर्जाच्या हप्त्याचे निघाले. चोरी नव्हती. पण चोरी असती तर? चार दिवस तर फुकट गेले होते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये याबद्दल नियम काढले. आपली आणि बँकेचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण बँकेला कळवले, तर नुकसान आपल्यावर पडत नाही, असे त्यांत म्हटले आहे. उशीर झाला तर काही भार आपल्यावर येऊ शकतो. आपणच गुप्त आकडा दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. म्हणून डेबिटचा संदेश आला आणि पैसे कशाचे गेले हे कळले नाही, तर त्याच दिवशी बँकेला सांगा. फसवणूक वाटली, तर १९३० या नंबरावर लगेच फोन करा.

गुप्त आकड्याला पिन म्हणतात. पी, आय, एन. फोनवरून पैसे देताना पिन घालावा लागतो. पैसे घ्यायला तो लागत नाही. "तुमचे पैसे आलेत, पिन घाला म्हणजे जमा होतील," असे कुणी म्हणाले, तर तो पैसे द्यायला नव्हे, न्यायला बसला आहे. पिन घातला, की डी-आर झालेच म्हणून समजा.

खताच्या दुकानदाराला काकांनी दुसऱ्या दिवशी जाऊन खरे ते सांगितले. त्याने महिन्याची मुदत दिली. काका म्हणाले, "हे बघ, हे तुझे क्रेडिट!" दुकानदाराला काही कळले नाही. मग काकांनी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर तिन्ही शब्द लिहून दाखवले.