माकड हसतं, वजाबाकी राहते

पहिलीतली भाची टॅब मांडीवर घेऊन वजाबाकी करत होती. सात फुगे, त्यांतले तीन फोडायचे. कोपऱ्यात एक माकड उड्या मारत होतं. तिने माकडावर बोट टेकवलं, ते खिदळलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा खिदळलं. दहा मिनिटं माकडच हसत राहिलं. ताई म्हणाली, "हिचं लक्षच नसतं." लक्ष होतं की! पडद्याने नेलं तिकडे ते गेलं होतं. मुलांच्या अ‍ॅपमधली मांडणी म्हणजे वरवरची सजावट, असं समजणाऱ्यांसाठी हे थोडं.

गैरसमज : पडदा जितका रंगीबेरंगी, तितकं मूल जास्त शिकतं.

वस्तुस्थिती : रमणं वेगळं, शिकणं वेगळं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे काही धडे तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत दिले, काही कोऱ्या भिंतींच्या खोलीत. कोऱ्या खोलीतल्या धड्यांवर ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीतल्या धड्यांवर ४२ टक्के. प्रयोग भिंतींचा होता, पण पडद्याला भिंतीपेक्षा एक खोड जास्त : तो हलतो आणि बोलतो. २०१५ साली डिजिटल गोष्टींवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. गोष्टीला धरून हलणारी चित्रं आणि आवाज आकलनाला मदत करतात, मध्येच पेरलेले खेळ आणि टिचकीसरशी नाचणारी चित्रं मात्र अडथळा आणतात, असं त्यात दिसलं. म्हणजे फुगा फुटताच उरलेले फुगे मोजून दाखवले, तर ते हलणं धड्याचं. माकडाचं हलणं कोणाचंच नाही.

गैरसमज : आजची मुलं मोबाइल हातात घेऊनच जन्मतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

वस्तुस्थिती : बोटांचं आणि डोळ्यांचं वय कोणाला चुकत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या माउस वापरण्यावर २००४ साली एक अभ्यास झाला. लहान खुणेजवळ पोचल्यावर मुलांचा बाण पुढेमागे भरकटत राहायचा, मोठ्यांचा नेमका थांबायचा. बटणं चिकटून असली की बोट शेजारच्यावर पडतं आणि मुलाला वाटतं, आपलं उत्तरच चुकलं. वाचण्या-लिहिण्याचंही तसंच, तेही वयानेच येतं. जाणकार हे आधीच धरून चालतात. 'टक्स पेंट' या मोफत चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र जतन करताना फाइलला नाव द्यावं लागत नाही. पुन्हा उघडताना चित्रांच्या छोट्या प्रती समोर येतात, मूल आपलं चित्र ओळखून काढतं. ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या 'स्क्रॅचज्युनिअर'मध्ये आज्ञांच्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चिन्हं आहेत. वाचता येत नाही म्हणून कोणी अडून राहत नाही.

गैरसमज : अक्षर दिसतंय ना? मग फाँट कुठलाही चालेल.

वस्तुस्थिती : मराठीत इथेच ठेच लागते. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांना एकच क्रमांक आहे. आकार ठरवतो फाँट. अ‍ॅप बनवणाऱ्याने भाषा मराठी असल्याचं सांगितलं नाही, तर बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचा, दांडीचा 'ल' उमटतो. आपण मोठे दोन्ही सहज वाचतो. पाटीवर पाकळ्या गिरवणारं मूल मात्र पडद्यापाशी थबकतं. त्यात ओळी दाटीवाटीने बसवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

गैरसमज : बरोबरला हिरवा, चुकीला लाल, एवढं पुरे.

वस्तुस्थिती : लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारी मुलं असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. म्हणून रंगाच्या जोडीला खूण हवी. शिवाय लाल रंग 'चुकलं' एवढंच सांगतो, कुठे चुकलं ते नाही.

नवं अ‍ॅप घेताना मुलाच्या शेजारी पाच मिनिटं बसा आणि त्याचं बोट कुठे जातं तेवढं पाहा. पडद्यावरच्या धड्याचा खरा विषय तिथे कळतो.

त्या संध्याकाळी ताईने टॅब बाजूला ठेवला आणि फरशीवर सात चिंचोके मांडले. तीन उचलले. बघण्यासारखं तिथे दुसरं काही नव्हतं, त्यामुळे भाचीला चार दिसले.