मेक्सिकोची गावजमीन आणि परदेशी खरेदीदार

परक्या देशात खेड्यापाड्यातील थोडी जमीन घेऊन निवांतपणे राहावे, अशी इच्छा अनेकांना असते. मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्यावर अशा इच्छेने येणाऱ्या अमेरिकन नागरिकांची संख्या मोठी आहे. तथापि जमिनीची किंमत मोजली म्हणजे मालकी मिळाली, असे तेथे होत नाही. ती जमीन कोणत्या प्रकारची आहे, यावर सर्व काही अवलंबून असते.

राज्यघटनेची मर्यादा

१९१० साली मेक्सिकोत जी क्रांती झाली, तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. विस्तीर्ण जमिनी मोजक्या जमीनदारांच्या व परदेशी कंपन्यांच्या हाती एकवटल्या होत्या आणि शेतकरी भूमिहीन झाला होता. म्हणूनच १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने भूमी व जल ही मूलतः राष्ट्राची संपत्ती असल्याचे जाहीर केले. सरहद्दीपासून १०० किलोमीटर व समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर अंतराच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी घेता येत नाही. या पट्ट्याबाहेर ती घेता येते. परंतु त्या मालमत्तेपुरते आपण मेक्सिकन नागरिकाप्रमाणेच वागू आणि स्वतःच्या सरकारचे संरक्षण मागणार नाही, असे परराष्ट्र खात्याला लिहून द्यावे लागते. ही अट मोडल्यास जमीन राष्ट्राकडे जमा होते.

निषिद्ध पट्ट्यातील निवासी जागेसाठी बँकेमार्फत न्यास करण्याची सोय आहे. कागदोपत्री मालकी बँकेची असते. उपभोगाचा, विक्रीचा व वारसाचा लाभ परदेशी व्यक्तीला मिळतो. १९९३ च्या कायद्यानुसार या न्यासाची मुदत ५० वर्षांपर्यंत असून तिचे नूतनीकरण करता येते.

एहिदो म्हणजे काय?

खरी अडचण येते ती ‘एहिदो’ जमिनीबाबत. क्रांतीनंतर गावसमूहांना ज्या जमिनी देण्यात आल्या, त्यांना हे नाव आहे. सभासद आपापला तुकडा कसतात. पण १९९२ पूर्वी तो विकण्याची किंवा गहाण ठेवण्याची त्यांना मुभा नव्हती. त्या वर्षी घटनादुरुस्ती झाली व नवा कृषी कायदा आला. तेव्हापासून सभासदांच्या सभेने विशेष बहुमताने ठराव केल्यास आणि राष्ट्रीय कृषी नोंदणी कार्यालयात त्याची नोंद झाल्यास सभासदाला आपल्या तुकड्याची पूर्ण मालकी मिळू शकते. त्यानंतरच्या पहिल्या विक्रीतही कुटुंबीयांचा व गावकऱ्यांचा अग्रहक्क विचारात घ्यावा लागतो.

हे सोपस्कार पूर्ण होण्याआधी केवळ सभासदाशी खाजगी कागद करून पैसे देणाऱ्या परदेशी माणसाच्या हाती मालकी येत नाही. बँकेचा न्यासही अशा जमिनीवर करता येत नाही.

पुंता बांदाचा धडा

बाहा कॅलिफोर्नियातील एन्सेनादा शहराजवळच्या पुंता बांदा येथे एहिदोशी झालेल्या कराराच्या भरवशावर अनेक अमेरिकनांनी घरे बांधली होती. शासनाने एहिदोला दिलेली ती जमीन मुळात इतर खाजगी मालकांची होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. ऑक्टोबर २००० मध्ये रहिवाशांना घरे सोडावी लागली. घरे त्यांनी स्वतःच्या पैशाने उभारली होती. परंतु पायाखालची जमीन त्यांची नव्हती.

बंधनामागील हेतू

असे निर्बंध एकट्या मेक्सिकोत आहेत असे नाही. भारतातही अनिवासी भारतीय व परदेशस्थ भारतीय नागरिक यांना शेतजमीन, मळे वा फार्महाऊस सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यासाठी परवानगी लागते. कसणाऱ्याच्या हातून जमीन जाऊ नये, हा अशा निर्बंधांमागील एक प्रमुख हेतू होय. म्हणूनच मेक्सिकोत जमीन पाहणाऱ्याने किनाऱ्याच्या सौंदर्याआधी नोंदणी कार्यालयातील दप्तर पाहावे. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा सभेचा ठराव व सरकारी नोंद यांचे मोल तेथे अधिक आहे.