घरच्या संगीतसंचासाठी स्ट्रीमर : ध्वनी, साठा आणि नाव

प्रस्तुत टिपणाचा हेतू मर्यादित आहे. घरच्या हाय-फाय संचाला जोडावयाच्या 'स्ट्रीमर' या उपकरणांची तुलना कोणत्या निकषांवर करावी, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, जुनी नाट्यपदे काय किंवा आपण गोळा केलेली संगमेश्वरी बोलीची ध्वनिमुद्रणे काय, दोन्ही आता याच उपकरणांतून ऐकली जातात. आणि या उपकरणांतील महत्त्वाचा भेद, प्रस्तुत लेखकाच्या मते, ध्वनीचा नसून नावाचा आहे.

प्रथम उपकरणाचे कार्य पाहू. स्ट्रीमर हा वाय-फायने किंवा केबलने घरच्या नेटवर्कशी जोडलेला असतो. इंटरनेटवरील संगीतसेवेकडून अथवा घरातल्याच साठ्यातून तो ध्वनीची फाइल मिळवितो, तिच्यातील अंकांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करतो आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरकडे सोपवितो. हे रूपांतर करणाऱ्या भागास 'डॅक' म्हणतात. 'प्रवाहवादक' असा मराठी पर्याय सुचविता येईल. तथापि दुकानात व घरात 'स्ट्रीमर' हाच शब्द चालत असल्याने येथेही तोच ठेवला आहे.

१. ध्वनी

कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांवर नोंदलेले असतात. म्हणजे तासाभराच्या संगीतास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक या पद्धतीने एकही बिट न गमावता ही जागा बरीच कमी करता येते. सोळा बिटांत सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबलांचे असते. आणि आजच्या मध्यम किमतीच्या स्ट्रीमरमधील डॅकही हे अंतर सांभाळण्यास समर्थ असतात. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीची खरखर ऐकताना तर या बाबतीत दोन यंत्रांत निवड करण्यास फारसा आधारच उरत नाही.

येथे आपल्या शास्त्रातील एक विवेक उपयोगी पडतो. दोन उच्चारांत सूक्ष्म फरक असला, तरी तो अर्थभेदक असेलच असे नाही. म्हणून स्वन आणि स्वनिम यांत आपण भेद करतो. मोजमापाच्या यंत्राला दिसणारा प्रत्येक फरक कानाच्या दृष्टीने भेदक नसतो. तो तसा आहे की नाही, हे ठरविण्याची रीतही आपल्या परिचयाची आहे : लघुतम युग्म घ्यावे, म्हणजे एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व कायम ठेवावे. दोन स्ट्रीमर ऐकताना आवाजाची पातळी मोजून सारखी करावी, आणि कोणता वाजत आहे हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये. किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. एवढी दक्षता न घेता दिलेल्या अभिप्रायास किंमत नाही. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरमध्येच चांगला डॅक असेल, तर स्ट्रीमरकडून केवळ अंक घ्यावेत. मग त्याच्या डॅकचा प्रश्न उरत नाही.

२. साठा

दुसरा निकष परावलंबनाचा. क्रोमकास्ट ऑडिओ हे लहानसे उपकरण २०१५ मध्ये बाजारात आले व २०१९ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. मार्च २०२५ मध्ये त्याच्या ओळखीसाठी लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि घरोघरची धडधाकट यंत्रे, कंपनीने दुरुस्ती पाठवीपर्यंत, काही दिवस निकामी होऊन बसली. याउलट उदाहरण स्क्वीझबॉक्सचे. त्याचे उत्पादन २०१२ मध्ये थांबले, कंपनीची संकेतस्थळावरील सेवा २०२४ मध्ये बंद झाली. तरीही ती यंत्रे आज वाजतात. कारण त्यांना संगीत पुरविणारा सर्व्हर घरच्या संगणकावर चालतो, आणि त्याची आज्ञावली खुली असल्याने आता 'लिरियन' या नावाने तिचे चाहतेच ती सांभाळीत आहेत.

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत हा भेद केवळ तात्त्विक नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांत अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून आणि संपर्कावाचून होती. एरवीही आषाढात बाहेरची तार तुटते, पण इन्व्हर्टरवर घरातले यंत्र चालू असते. अशा वेळी ज्याचे संगीत घरातल्या डिस्कवर आहे तो ऐकतो. ज्याचे केवळ वर्गणीवर आहे तो पावसाचाच आवाज ऐकत बसतो.

३. नाव

तिसरा निकष परीक्षणांतून बहुधा वगळला जातो, आणि आपल्या दृष्टीने तोच मुख्य आहे. स्ट्रीमरवर हाताने उचलावी अशी तबकडी नाही. पद सापडते ते नावाने. आणि नाव सापडले नाही, तर साठ्यात असलेले पदही नसल्यासारखेच.

'मानापमान' हे नाटक (१९११) घ्या. पदे कृ. प्र. खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. पाश्चात्त्य धर्तीवर आखलेल्या सूचीत 'कलाकार' आणि 'अल्बम' ही दोनच घरे ठळक असतात. त्यांत गायक बसतो. टेंबे व खाडिलकर नाहीसे होतात. बालगंधर्व आणि नारायण श्रीपाद राजहंस ही एकाच व्यक्तीची नावे आहेत हेही यंत्रास ठाऊक नसते. रोमन लिपीत तेच नाव कोठे जोडून तर कोठे तोडून लिहिलेले असते, आणि एका गायकाचे दोन गायक होतात.

लिपीचे प्रश्न याहून सूक्ष्म आहेत. जुन्या एमपी३ फाइलींच्या नामपट्टीत प्रत्येक नावास ३० बाइटांचीच जागा असे. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व अनुस्वार धरून, तीन बाइट घेते. 'बालगंधर्व' हे नाव २७ बाइटांत कसेबसे मावते. 'दीनानाथ मंगेशकर' या नावास ४३ लागतात. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही : तेथे नावे यूटीएफ-८ मध्येच असतात, हवी तितकी घरे निर्माण करता येतात आणि एका घरात अनेक नावे ठेवता येतात.

तरीही एक खाचखळगा उरतो. 'वाऱ्यावरची वरात' यातील 'ऱ्य' युनिकोडात दोन प्रकारे लिहिला जातो : एक, टिंब असलेला 'ऱ', हलन्त आणि 'य', दुसरा, साधा 'र', हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि 'य'. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्र मात्र आकृती पाहत नाही, संकेतक्रमांक पाहते. म्हणून एका रीतीने नोंदलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही.

४. तुलना

या तीन निकषांवर बाजारातील काही नमुने पाहू. विम प्रो हा केबल व वाय-फाय दोन्हींवर चालतो, घरातील सर्व्हरवरून वाचतो आणि अंक बाहेर देतो. परंतु साठा थेट त्यास जोडता येत नाही. त्याच घराण्यातील अल्ट्रास यूएसबी साठा जोडता येतो. ब्लूसाउंड नोड यूएसबी डिस्कची किंवा नेटवर्कवरील फोल्डरची सूची स्वतः तयार करतो. केम्ब्रिज ऑडिओचा एमएक्सएन१० यूएसबी साठा आणि घरातील सर्व्हर दोन्ही वाचतो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर डॅकची पट्टी आणि लिरियन सर्व्हर ही जुळणी सर्वांत खटपटीची. परंतु तीत संगीतकार हा स्वतंत्र प्रवेशमार्ग आहे आणि सूचीची सत्ता पूर्णतः मालकाच्या हाती राहते. थोडी खटपट करण्याची तयारी असलेल्या अभ्यासकास आम्ही तीच सुचवू. इतरांनी यूएसबी साठा घेणारा कोणताही नमुना निवडण्यास हरकत नाही.

खरेदीपूर्वी दुकानात तीन परीक्षा घ्याव्यात. बाहेरची इंटरनेटची तार काढून घरच्या डिस्कवरील फाइल वाजते का, हे पाहावे. 'वाऱ्यावरची' हा शब्द दोन्ही रीतींनी शोधून पाहावा. आणि टेंब्यांच्या नावावरून निरनिराळ्या गायकांनी गायिलेली त्यांची पदे एकत्र मिळतात का, हे तपासावे. तिन्हींत उतरणारे यंत्र स्वस्त असले तरी घ्यावे.

शेवटी एक गोष्ट यंत्राने होणारी नाही. घरोघरीच्या जुन्या तबकड्या आणि दमट हवेत बुरशी धरणाऱ्या फिती अंकांत आणताना त्यांवर नावे घालणारा माणूस जाणता हवा. कोणाचे पद, कोणाची चाल, कोणत्या गावची बोली, हे सांगू शकणारी पिढी अजून आपल्यात आहे. स्ट्रीमर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. ही नावे मात्र यंदाच लिहून घेतली पाहिजेत.