आधी ब्रेक, मग लोणावळ्याचा ब्रेकफास्ट!

जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गॉगल, वाऱ्यावर उडणारे केस, शेजारच्या सीटवर 'ती' आणि समोर मोकळा हायवे. सही ना? पण बॉस, या चित्रात एक माणूस कायम राहून जातो. गाडीखाली पाठीवर झोपलेला, काळ्या हातांचा मिस्त्री! गेले सहा महिने माझे सगळे वीकेंड त्याच्याच संगतीत गेलेत. तुमच्याही डोक्यात हे खूळ शिरलं असेल, तर हा अनुभवाचा डोस तुमच्यासाठी.

माझी गाडी १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. "ही कसली स्पोर्ट्स कार?" असं ऑफिसात सगळ्यांनी विचारून झालंय. म्हणून आधी तिचं खानदान सांगतो. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीची ही गाडी १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने आपल्याकडे बनवली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटांची फेमस स्पोर्ट्स कार आणली. म्हणजे माझी गाडी स्पिटफायरची सख्खी बहीणच! इंजिन जेमतेम ९४८ सीसीचं, पण वळते फक्त २५ फुटांच्या वर्तुळात. आणि बॉनेट? मडगार्डसकट अख्खं पुढे उलटतं. चाकावर बसून आरामात इंजिनाचं काम करा!

राहायला मी बेगडेवाडीत. "हे कुठे आलं?" असं विचारू नका. पुणे-लोणावळा लोकलमध्ये देहूरोड आणि घोरावाडीच्या मधलं छोटंसं स्टेशन. हिंजवडीच्या पगारात इथे घरासोबत पत्र्याची शेडही परवडते आणि जुना हायवे हाकेच्या अंतरावर. जुन्या गाडीला आणखी काय लागतं?

आधी थांबायला शिकवा

गाडी आली ती टेम्पोवर चढून. अनेक वर्षं एका बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. मला घाई इंजिन चालू करायची, पण देहूरोडच्या मिस्त्रीकाकांनी आधी चारही चाकं काढली. "साहेब, इंजिन उशिरा चालू झालं तर चालतं. ब्रेक उशिरा लागून चालत नाही."

त्या काळच्या या गाड्यांत ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक फुटली तर दुसरी वाचवते. इथे एक गळती झाली की पेडल थेट तळाला! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीतही व्हील सिलेंडर आतून गंजतो. माझे चारही जाम होते. रबरं दगडासारखी कडक. सिलेंडर, होज, मास्टर सिलेंडरचं किट, सगळं बदललं. आईने तर आधीच बजावलं होतं, "ब्रेक धड झाल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

ग्रीस नव्हे, ऑइल

या फॅमिलीतल्या गाड्यांचं एक गुपित ऐका. पुढच्या चाकाच्या खालच्या बाजूला ट्रनियन नावाचा पितळी सांधा असतो. चाक वळतं ते त्याच्यावर. तिथे ग्रीस नाही, गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस वाळून घट्ट झालं की आतला भाग कोरडा पडतो, गंजतो आणि एक दिवस चालत्या गाडीचं चाक आडवं होतं! माझ्या गाडीत वर्षानुवर्षांचं वाळलेलं ग्रीस निघालं. सांधे उघडले, धुतले, तपासले, नव्वद नंबरचं ऑइल भरलं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आता मी निर्धास्त वळण घेतो.

कामशेतचा सस्पेन्स

मग आला खरा ताप. गाडी सकाळी झकास सुरू व्हायची आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, नेमकी कामशेतच्या खिंडीपाशी, धापा टाकत बंद! अर्ध्या तासाने पुन्हा ठणठणीत. थांबलेल्या प्रत्येकाचं निदान एकच : "पेट्रोलची वाफ होतेय, पंपावर ओलं फडकं टाका." घाटातला हा पारंपरिक उपाय मीही केला. फडकं वाळलं, गाडी ढिम्म.

तिसऱ्या वेळी काका सोबत होते. गाडी बंद पडल्या पडल्या, गार होण्याआधीच, त्यांनी कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत धरला आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. पेट्रोल छान येत होतं. मग प्लग बाहेर काढून ठिणगी पाहिली. निळी, कडक हवी ती पिवळट आणि मलूल! चोर सापडला : डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर. हा गार असताना शहाणा असतो आणि तापला की दगा देतो. अंगठ्याएवढी वस्तू, किंमत पिझ्झापेक्षाही कमी. नाना पेठेत मिळाला. सोबत पॉइंट बदलून फीलर गेजने १५ थाऊची, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटरची गॅप लावली. तेव्हापासून खिंड गप्प आहे.

बिघाड असतानाच तपासा, हा काकांचा फंडा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार पार्ट एकदम बदलले तर गाडी सुधारेल कदाचित, पण दुखणं काय होतं ते कळणार नाही.

मारुतीचं इंजिन टाकू का?

हा सल्ला तुम्हालाही मिळेल. जरा दमानं! केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. परकं इंजिन घातलंत की तो दरवाजा बंद. अर्थात, व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर. म्हणून मी तूर्त जुनंच रजिस्ट्रेशन ठेवलंय.

जुनी गाडी घेताय? मग हा क्रम पाळा :

* ब्रेक, स्टिअरिंग, टायर. टायर दिसायला नवे असले तरी त्यांच्यावरची तारीख वाचा.
* पेट्रोलची टाकी आणि पाइप. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. होज आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल झेपणारेच घ्या.
* रेडिएटर, त्याचे पाइप, थर्मोस्टॅट.
* पॉइंट, कंडेन्सर, प्लग, वायरिंग.
* रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी!

आणि हो, मिस्त्रीकडे नुसती गाडी सोडून येऊ नका. शेजारी उभे राहा, विचारा, हात काळे करा. कानाने इंजिन ओळखणारी, फीलर गेजने पॉइंट लावणारी ही पिढी आता साठीच्या पुढे आहे. कंडेन्सर एक वेळ दुकानात मिळेल, तो तपासायची अक्कल मिळणार नाही.

गेल्या रविवारी आम्ही लोणावळ्याला ब्रेकफास्टला गेलो. पुढच्या सीटवर आई होती. येताना तिने हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी कुठे?"