विश्लेषण : तारीख चुकली, तरी साक्ष उपयोगी कशी?

सामान्य माणसांनी सांगितलेली स्वतःच्या आयुष्याची गोष्ट सामाजिक शास्त्रांत पुरावा मानली जाते. पण आठवण दगा देते, माणसे काही गोष्टी मुद्दाम गाळतात. मग अशा कथनावर संशोधन कसे उभे राहते, आणि सांगणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागू शकते?

तेर्नीत काय घडले?

तेर्नी हे इटलीतील पोलाद कारखान्यांचे शहर. इटलीच्या ‘नाटो’ प्रवेशाचा निषेध करण्यासाठी १७ मार्च १९४९ रोजी तेथील कामगार कारखान्याबाहेर पडले. पोलिसांशी झटापट झाली आणि लुईजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार मारला गेला. पुढे सत्तरच्या दशकात अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हे अभ्यासक जुन्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करू लागले, तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. अनेक जण ही घटना १९५३ सालची म्हणून सांगत होते. त्यांच्या मते त्रास्तुल्ली कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात गेला. एखाद-दुसऱ्याची तारीख चुकली तर ते वय म्हणून सोडून देता येते. येथे मात्र अख्खे शहर एकाच दिशेने चुकत होते.

पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून बाजूला ठेवली नाही. तिचाच अभ्यास केला. १९४९ मध्ये सहकारी डोळ्यांदेखत मारला गेला आणि कामगारांना त्याचे उत्तर देता आले नाही, ही सल मनात राहिली होती. १९५३ मध्ये दोन हजारांहून अधिक जणांना कामावरून काढले गेले, तेव्हा मात्र शहर रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी लढले. आठवणीने मृत्यू उचलून त्या लढ्यात नेऊन ठेवला. त्यामुळे त्याला अर्थ मिळाला आणि जुना अपमानही झाकला गेला. ही गोष्ट सरकारी दफ्तरात सापडली नसती. अर्थात, खरी तारीख कागदपत्रांतून आधी पक्की केली होती म्हणूनच चूक ही चूक आहे हे कळले. जीवनकथनांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडून हा मुद्दा बरेचदा निसटतो. कथन ऐकायचे म्हणजे कागद तपासायचे नाहीत, असे नाही.

सर्वेक्षण असताना याची गरज काय?

मुंबईतील गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे आकड्यांतून कळते. पगार बंद झाल्यावर घर कोणी चालवले, खानावळ चालवणाऱ्या बाईची उधारी कुठे अडकली, गावी परत गेलेल्याला भावकीने कसे वागवले, हे आकडे सांगत नाहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांना बोलते करून २००४ मध्ये ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक केले. त्यात गिरणगावाचा इतिहास तेथे राबलेल्या माणसांच्या तोंडून येतो.

या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग जुना आहे. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झनानिएत्स्की यांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर १९१८ ते १९२० या काळात पाच खंड प्रसिद्ध केले. त्यांचा आधार होता स्थलांतरितांची घरगुती पत्रे आणि व्लादेक नावाच्या एका सामान्य माणसाने लिहिलेले दीर्घ आत्मचरित्र.

जे सांगितलेच नाही, त्याचे काय?

येथे महाराष्ट्राकडे यावे लागते. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवत. तेथेच त्या घरच्यांच्या नकळत लिहीत आणि वह्या लपवून ठेवत. ही गोष्ट कित्येक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हती. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन बाहेर आले. १९८२ मध्ये ते ‘स्त्री’ मासिकात छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. त्यात ‘मी’ फार कमी आहे, ‘आम्ही’ जास्त. महार वस्तीतील भूक, अंधश्रद्धा, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या हाकेनंतर पालटलेले जगणे त्यात आहे. लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र जवळजवळ नाही.

माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला, सोबत बेबीताईंची मुलाखतही. तीत त्या सांगतात, की इतर बायकांप्रमाणे नवऱ्याचा जाच त्यांनीही सोसला. पण सगळ्याच जणी सोसत असताना आपलेच वेगळे काय सांगायचे, अशी त्यांची भूमिका होती. पुस्तकातली ती रिकामी जागा त्या मुलाखतीनंतर वेगळी वाचावी लागते. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर पुस्तक लिहिले. ही कथने एकेकीचे खासगी दुःख म्हणून वाचू नका, समाजाच्या वतीने दिलेली साक्ष म्हणून वाचा, असा त्यांचा आग्रह होता. जात आणि पुरुषसत्ता एकाच घरात कशा नांदतात, हे त्यांना या साक्षींतून दिसले.

मुलाखत कशी घेतात? किती पुरेशा?

जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रित्झ श्युत्झे यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली रीत आजही वापरली जाते. सुरुवातीला एकच मोकळा प्रश्न विचारायचा. नंतर समोरचा स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. ‘का’चे प्रश्न सर्वांत शेवटी. ऐकायला सोपे वाटते, पण नवख्या संशोधकाला शांतता सहन होत नाही आणि तो मध्येच प्रश्न टाकून गोष्ट मोडतो.

संख्येबाबत फ्रान्सच्या दानिएल बर्तो यांचा अनुभव नेहमी सांगितला जातो. ते बेकरीत राबणाऱ्यांची जीवनकथने गोळा करत होते. पंधराव्या कथनाच्या सुमारास त्यांना समान धागे दिसू लागले आणि पंचविसाव्यापर्यंत खात्री पटली. नवे कथन नवे काही सांगेनासे झाले, की थांबायचे.

आक्षेप कोणते?

पोलिश शेतकऱ्यांच्या त्या गाजलेल्या अभ्यासाची हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३९ मध्येच झाडाझडती घेतली. पत्रांवरून सिद्धान्त सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो आक्षेप आजही पूर्णपणे मिटलेला नाही. पंचवीस जणांच्या बोलण्यावरून ‘राज्यातील इतके टक्के लोक’ असे म्हणता येत नाही. तसे कोणी म्हणत असेल तर तो पद्धतीचा गैरवापर आहे.

सांगणाऱ्याची जोखीम किती?

अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने २००१ पासून उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुमच्या हयातीत हे कोणालाही कळणार नाही, असे वचन त्यांना दिले होते. २०११ मध्ये, १९७२ सालच्या एका हत्येच्या तपासासाठी ब्रिटिश पोलिसांनी अमेरिकी न्याययंत्रणेमार्फत या ध्वनिफिती मागितल्या. न्यायालयीन लढाईनंतर काही फिती द्याव्याच लागल्या. ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तेवढीच गुप्तता’ ही अट प्रकल्पप्रमुखाच्या करारात होती, पण मुलाखत देणाऱ्यांनी सही केलेल्या कागदावर ती नव्हती. २०१४ मध्ये कॉलेजने, ज्यांना आपली मुलाखत परत हवी आहे त्यांना ती देण्याची तयारी दाखवली.